चांगुणाचा पाय

ओझर, ६ ऑक्टोबर १९७४

चि. वत्सला,

तुझ्या वहिनीला जाऊन श्रावणात दोन वर्षं झाली. एवढ्या दिवसांत मी तुला एक धड पत्र लिहिलं नाही. काय लिहिणार होतो? विमानाच्या कारखान्यात शिफ्ट करायची, खोलीवर यायचं आणि भिंतीकडे बघत बसायचं. स्टोव्ह पेटवायचंही भान नसे.

आमच्या मशीन शॉपच्या फोरमननी एका गुरुवारी मला ओढून नाशकात नेलं. तिथं शाळेच्या एका वर्गात अभ्यासमंडळ भरतं. एक निवृत्त हेडमास्तर बोलतात. त्यांना माझं कळलं होतं. म्हणाले, "बायको गेली म्हणता, पण कुठं गेली? एक इयत्ता संपली, सुट्टी लागली. पुन्हा शाळा भरेल, पुन्हा भेटाल." वत्सला, मी त्या बाकावर डोकं ठेवून रडलो. ती गेल्यापासून पहिल्यांदा.

तेव्हापासून वाचतोय, ऐकतोय. आणि आता स्वतः बोलायलाही लागलो आहे. हे सगळं जाड जाड पुस्तकांत बंद आहे, साध्या माणसाला त्याच्या भाषेत सांगणारं कोणी नाही. मागच्या रविवारी विंचूरला कांदा मार्केटातल्या हमाल लोकांपुढे बोललो. आत्मा जन्मोजन्मी शिकत शिकत वर चढतो, कोणाचंही दुःख फुकट जात नाही, एवढंच सांगितलं. माणसं पोत्यांवर बसून ऐकत होती. नंतर एकेक जण येऊन माझे हात हातात धरून उभा राहिला. मला वाटलं, मी जगलो त्याचं काही तरी कारण आहे.

तुझ्या गावातही एकदा बोलावंसं वाटतं. धोंडीरामरावांना विचार. चांगुणाला मामाचा पापा.

तुझा दादा,
केरू


देवळा, २१ ऑक्टोबर १९७४

दादा,

तुझं पत्र वाचून मी देवापुढं साखर ठेवली. तू बोलता झालास हेच खूप. बाकीचं मला फारसं कळलं नाही, पण तू समोर बसून सांगितलंस की कळेल. दिवाळीला ये. ह्यांनी मारुतीच्या पारावर सगळ्यांना बोलवायचं कबूल केलंय.

चांगुणाचं सांगते. तापात तिचा डावा पाय गेला ते तुला माहीत आहे. तो आता वाळत चाललाय आणि गुडघ्यात आखडलाय. पण पोरगी ऐकत नाही. ढुंगणावर सरकत बैलांपर्यंत जाते आणि त्यांना माझ्यासारखीच रागावते. कांद्याचं रोप उपटायला बसली की बायकांच्या पुढं असते.

आम्ही तिला नाशकाच्या मोठ्या दवाखान्यात दाखवून आणलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून गुडघा सरळ करू, मग लोखंडी पट्ट्यांचा बूट घालून ती उभी राहील, चालेल. पण आता वाढीचं वय आहे, उशीर केला तर हाड वाकडंच पक्कं होईल. फेब्रुवारीतली तारीख दिलीय. नंतर बरेच महिने दवाखान्यात ये-जा करावी लागेल. तेवढे दिवस आम्ही दोघी तुझ्याकडं राहिलो तर चालेल ना? हे तयार आहेत. सासूबाई कुरकुरतात, पण त्यांची कुरकुर काय नवीन आहे.

ये. वाट बघते.

वत्सला


ओझर, २५ नोव्हेंबर १९७४

चि. वत्सला,

देवळ्याहून आल्यापासून मी जमिनीवर नाही. पारावर एवढी माणसं येतील असं वाटलं नव्हतं. तू चहाच्या गडबडीत होतीस, म्हणून शेवटचं तुला ऐकता आलं नाही, ते सांगतो.

तुझ्या सासूबाई उठल्या आणि सगळ्यांदेखत मला म्हणाल्या, "मंग आमची पोर लंगडी का? तिनं कोणाचं काय बिघाडलं?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. चांगुणा माझ्या मांडीवरच होती. मी तिच्या त्या पायावर हात ठेवला आणि म्हणालो, "मागल्या कुठल्या जन्मी काही राहून गेलं असेल. ते पुरं करायला ह्या आत्म्यानं हा पाय स्वतःच मागून घेतलाय. हा पाय तिची शाळा आहे. सोसत सोसत ती आपल्या सगळ्यांच्या पुढं जाईल."

वत्सला, धोंडीरामरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढे दिवस त्या बापाच्या मनात काय साचलं होतं कोण जाणे. जाताना माझ्या पाया पडले. मी नको नको म्हणत होतो.

तुम्ही येणार म्हणून खोलीत दुसरी खाट आणून ठेवली आहे. चांगुणाला इथं विमानं रोज दिसतील.

केरू


देवळा, १२ जानेवारी १९७५

दादा,

तुझ्या बोलण्यानं घरात फरक पडला. सासूबाई आधी म्हणायच्या, सुनेच्या दुधातच खोट. आता म्हणतात, "हाई तिनंच कर्म शे," हे तिचंच कर्म आहे. माझ्या मागचं बोलणं थांबलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ते जाऊन कोणाच्या डोक्यावर बसलं, ते मला चार दिवसांनी कळलं.

हे आता ऑपरेशन नको म्हणतात. म्हणतात, "ती शाळा शिकायला आलीय, आपण तिचं नाव शाळेतून काढायचं का? आज पाय सरळ केला तर पुढल्या जन्मी पुन्हा वाकडा घेऊन यावं लागेल. मग तिला सोडवणारा बाप असेल की नसेल?" दादा, हे वाईट माणूस नाहीत. ह्याच पोरीला खांद्यावर घेऊन देवीच्या गडाच्या सगळ्या पायऱ्या चढले होते. हे तिच्या भल्यासाठीच म्हणतात, म्हणून तर मला भांडता येत नाही.

ते माझं ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील. तू त्यांना लिही. दुसरं काही लिहू नकोस. ऑपरेशन करा, एवढंच लिही.

वत्सला


ओझर, २ फेब्रुवारी १९७५

चि. वत्सला,

धोंडीरामरावांना वेगळं पत्र टाकलं आहे. प्रयत्न करणं हाही माणसाचा धर्मच आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. काळजी करू नकोस.

मात्र मी कोणावर हुकूम करू शकत नाही, हे तूही समजून घे. पारावर मी एक बोललो आणि पत्रात दुसरंच लिहिलं, तर लोक काय म्हणतील? मास्तर नेहमी सांगतात, सांगणाऱ्यानं फक्त दिवा दाखवावा, चालायचं ज्याचं त्यानं. धोंडीरामराव विचारी गृहस्थ आहेत. मन शांत करून बसले की त्यांना योग्य तेच सुचेल.

मला सध्या श्वास घ्यायला फुरसत नाही. निफाड झालं, येवला झालं. मंडळ माझी भाषणं एकत्र करून छोटं पुस्तक काढायचं म्हणतंय. तुम्ही कधी निघणार ते कळव, मी स्टँडवर येईन.

केरू


देवळा, ९ मार्च १९७५

दादा,

तुझं पत्र ह्यांनी ओसरीवर बसून मोठ्यानं वाचून दाखवलं. प्रयत्न धर्म आहे असं होतं. मग कर्माची गती गहन आहे असंही होतं. शेवटी होतं, आतल्या आवाजाला विचारा. ह्यांनी डोळे मिटून विचारलं. आतला आवाज नको म्हणाला.

तुझं पत्र चांगलं दोन्ही बाजूंनी भरलेलं होतं. ऑपरेशन करा, हे दोन शब्द कुठं बसवता आले नाहीत तुला.

तारीख गेली. मी तिला घेऊन एकटीच एसटीत बसले होते. चांदवडच्या स्टँडवर ह्यांनी आम्हाला गाठलं. हात उगारला असता तर मी गाडीतून उतरले नसते. त्यांनी सगळ्या लोकांपुढं माझ्यापुढं हात जोडले. म्हणाले, "माझ्या पोरीचा पुढचा जन्म नासवू नको." मी उतरले.

ती खाट परत देऊन टाक.

वत्सला


देवळा, १८ जून १९७७

दादा,

दोन वर्षं मी लिहिलं नाही. तुझ्या दिवाळीच्या साड्या पोचल्या. तुझं पुस्तकही पोचलं. ह्यांनी त्याला पिवळ्या कापडात बांधून देव्हाऱ्यात ठेवलंय.

आता लिहिते ते नीट वाच. चांगुणा नऊ वर्षांची झाली. गुडघा जिथं आखडला तिथंच राहिला. शाळेत पोरं तिला विचारतात, तू मागल्या जन्मी कोणाचा पाय तोडलास? ती घरी येऊन मला विचारायची, "आई, मी कोणाला मारलं होतं?" मी म्हणायची, कोणाला नाही गं. ती म्हणायची, "तुला माहीत नाही. बाबांना माहीत आहे, मामांना माहीत आहे."

मग तिनं विचारणं बंद केलं. बैलांना रागावणंही बंद केलं. शनिवारी हे तिला पारावर नेऊन बसवतात. ती तुझ्या पुस्तकातलं धडाधडा म्हणून दाखवते. बायका तिच्या त्या पायाला हात लावून नमस्कार करतात, आपापली दुखणी सांगतात. एवढंसं पोर, मान हलवत ऐकून घेतं आणि म्हणतं, सोसा, फिटेल.

परवा मी तिला गोठ्यामागं पाहिलं. बाभळीचा काटा घेऊन तो वाळका पाय टोचत बसली होती. सगळ्या पायावर जुने-नवे डाग. मी काटा हिसकावला तर म्हणाली, "राहू दे ना आई. जास्त दुखलं तर लवकर फिटेल."

मी तुला बोल लावायला लिहीत नाही. मला आता त्याचंही काही वाटत नाही. तू ये आणि तिला इथून घेऊन जा.

वत्सला


देवळा, ७ जुलै १९७७

रा. रा. केरूभाऊ यांसी धोंडीराम देवरे याचा नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. चांगुणाला कायमची ओझरला पाठवा, पारावर बसवू नका, असं आपण लिहिलं. वाचून वाईट वाटलं. आपणच आमच्या घरात दिवा लावला, आता आपणच फुंकर मारता?

माझी मुलगी आता रडत नाही. मला पाय द्या म्हणत नाही. ज्या वयात पोरं जत्रेतल्या फुग्यांसाठी लोळतात त्या वयात तिला आत्मा समजला. काट्याचं म्हणाल तर मी तिला सांगितलेलं नाही, तिचं तिनं ठरवलं. मी कोण अडवणारा?

तिच्या आईचं मन अजून कच्चं आहे. तिच्यावर राग धरू नये. आपण गुरुस्थानी आहात. आपलं एखादं पत्र असंही यायचं, ही आमचीच परीक्षा असेल, असं मी समजतो. मुलगी आमच्या घरीच राहील.

आपला,
धोंडीराम


देवळा, ४ ऑक्टोबर १९७७

दादा,

तार मिळून तू आलास तेव्हा तिला मूठमाती देऊन तिसरा दिवस होता. मी तुझ्याशी बोलले नाही, कारण माणसं होती. काय झालं ते तुला ह्यांनी सांगितलं असेल. माझ्याकडूनही ऐक.

त्या शनिवारी सकाळपासून ती म्हणत होती, तोंड उघडत नाही. मी पेजेचा चमचा लावला तर दात आवळलेले. मी ह्यांना म्हटलं, दवाखान्यात नेऊ. हे म्हणाले, पारावरून आल्यावर नेऊ, लोक येऊन बसलेत. मी दारात आडवी उभी राहिले तर सासूबाईंनी मला घरात ओढलं.

मागून मी पारावर पोचले, तेवढ्यात तिची मान मागं गेली. पाठ धनुष्यासारखी वाकली. ओठ असे ताणले गेले की ती हसतेय असंच लांबून दिसावं. लोकांना वाटलं, पोरीला समाधी लागली. सासूबाईंनी निरांजन लावलं. बायका पाया पडायला रांगेनं उभ्या राहिल्या, आणि दादा, ती शुद्धीवर होती. माझ्याकडं बघत होती. तिचे डोळे मला हाका मारत होते.

मी तिला उचललं आणि पळाले. कोणी अडवलं, कोणाला मी चावले, मला आठवत नाही. रस्त्यावर आडवं उभं राहून कांद्याचा ट्रक थांबवला. मालेगावच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, धनुर्वात. काट्याच्या जखमेतून. सकाळीच आणायची होती, म्हणाले. अंधाऱ्या खोलीत ठेवलं. जरा कुठं भांडं वाजलं तरी तिचं सगळं अंग ताठ व्हायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

हे म्हणतात, फेडून गेली. सुटली.

वत्सला


ओझर, १५ ऑक्टोबर १९७७

चि. वत्सला,

तुझं पत्र वाचलं. कामावर गेलो नाही. तुला काय लिहू? मला येतं तेच लिहितो, दुसरं माझ्याजवळ काही नाही.

ती संपली असं मानू नकोस. एवढं सोसलेला जीव वाया जात नाही. ज्या घरात एवढी माया लागली त्या घराकडे तो पुन्हा वळतो, असं मास्तर म्हणतात. ती येईल. तुझ्याच पोटी येईल. धड पायांनी येईल.

दादा


देवळा, १९ फेब्रुवारी १९७८

दादा,

तुझं पत्र माझ्या आधी ह्यांच्या हाती पडलं. साऱ्या गावाला वाचून दाखवलं.

मला दिवस गेलेत. चौथा महिना आहे. आता गावात कोणी मला वत्सला म्हणून बघत नाही. माझ्या पोटाकडं बघून बायका हात जोडतात आणि म्हणतात, चांगुणा आली. सासूबाई रात्रंदिवस एकच सांगतात, "तीच शे, तीच शे." हे पोटाला कान लावून तिला सांगतात, राहिलेलं ह्या जन्मी पुरं कर.

दादा, जे पोर अजून जगात आलं नाही, त्याच्यावर ह्यांनी देणं लिहून ठेवलं. मुलगी झाली तर तिला पारावर बसवतील. मुलगा झाला तर म्हणतील, तिनं पुण्य करून नर जन्म मिळवला, आणि त्यालाही बसवतील. माझी मुलगी परत येईल म्हणून सांगतोस, ती तुला दिसली का? कोण होती, काय करून आली होती, तू पाहिलंस? मांडीवर घेऊन एवढ्या ठाम आवाजात बोललास, तुला खरंच माहीत होतं?

माहीत नसेल तर ये आणि त्याच पारावर उभा राहून तेवढं सांग. मला समजावू नकोस. त्यांना सांग. नाही आलास तर मला भाऊ नाही.

वत्सला


ओझर, २८ मार्च १९७८

वत्सला,

मी पारावर बोललो त्या दिवशी तू पाराच्या मागं भिंतीला टेकून उभी होतीस, म्हणून सगळं ऐकलंस. तरी माझ्या बाजूनं लिहितो.

"मला माहीत नाही" हे तीन शब्द तोंडातून काढायला मला एवढा वेळ लागला. बायको गेल्यावर मला जगायला काही तरी हवं होतं, ते मिळालं, आणि मला मिळालं म्हणून ते खरंच असणार असं समजून मी ते वाटत सुटलो. चांगुणाचा पाय तापानं गेला होता आणि ऑपरेशननं सुधारला असता, एवढंच त्या पारावर खात्रीनं सांगण्यासारखं होतं. ते मी साडेतीन वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं.

मला वाटलं होतं, लोक दगड मारतील. कोणी काही केलं नाही. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, भाचीच्या दुःखानं भाऊच्या डोक्यावर परिणाम झाला. फक्त तानुबाई पुढं आल्या. त्यांचं पोर मागच्या साली गेलं ना? माझा सदरा धरून म्हणाल्या, "मंग माझं पोर कुठं गेलं? तुम्हीच सांगितलं व्हतं येईल म्हणून. आता नाही म्हणता? का म्हणता?"  सदरा सोडवून घेण्याची माझी हिंमत झाली नाही.

धोंडीरामराव मला स्टँडवर सोडायला आले. बसमध्ये जागा धरून दिली. म्हणाले, "शांत व्हा. पुन्हा या, आम्ही वाट बघू." त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मंडळाला मी कळवलं आहे, यापुढे बोलणार नाही. मास्तरांनी विश्रांती घ्या म्हणून निरोप पाठवला. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे, ती काही मला थांबवता आली नाही.

बाळंतपणाला इथं ये. इथं पार नाही.

दादा


देवळा, २२ ऑगस्ट १९७८

दादा,

तुझ्याकडं आले नाही, कारण हे घर माझंही आहे, आणि पळून गेले असते तर त्यांनी मागून येऊन पोर नेलं असतं. इथंच राहून बघायचं ठरवलं.

मुलगी झाली. सुईण भागीबाईनं नाळ कापली आणि सगळ्यांत आधी सासूबाईंनी तिला उलटीपालटी करून पाय बघितले. दोन्ही पाय धड. डाव्या पोटरीवर बारीक तीळ आहे. तेवढं पुरलं. काट्याची खूण म्हणाल्या. बाहेर जाऊन ओरडल्या, आली आली. अंगणात माणसं जमली.

हे आत आले. बाळाच्या पायांवर डोकं ठेवायला वाकले. मी पोर उचलून पाठीमागं घेतलं. म्हटलं, "ही चांगुणा नाही." ते म्हणाले, "वत्सला, अशी नको बोलू." मी म्हटलं, "चांगुणा मेली. तुम्ही तिला पारावर नेलीत आणि ती मेली. ती कुठं गेली मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. आता ती नाही."

दादा, ते तिथंच खाली बसले. आधी तोंड नुसतं उघडं राहिलं. मग जो आवाज निघाला तो मी ह्या माणसाचा कधी ऐकला नव्हता. पोर मेल्यावर सुद्धा हा माणूस रडला नव्हता. सुटली, सुटली म्हणत हिंडत होता. बाहेरची माणसं एकेक करून उठून गेली. मी त्यांना गप्प केलं नाही.

त्यांचं मन बदललं असं मी म्हणत नाही. देव्हाऱ्यातलं तुझं पुस्तक अजून तिथंच आहे. सासूबाई बाळाला चांगुणाच म्हणतात. शनिवारी कोणी ना कोणी दारात येऊन उभं राहतंच. मी दार लावून घेते.

तिचं नाव मी ठेवलं, रंजना. आमच्या घराण्यात, माहेरी-सासरी, हे नाव आजवर कोणाचंच नव्हतं. ती बोलायला लागली की हे सगळे तिला विचारणार आहेत, तू कोण होतीस? म्हणून मी आत्तापासूनच, पाजताना तिच्या कानात सांगून ठेवते, कोणी विचारलं तर म्हणायचं, मी पहिल्यांदाच आले.

वत्सला